सेवाभावाला विद्येचे अधिष्ठान

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त एका परिचर्या महाविद्यालयाच्या शपथग्रहण समारंभात निवृत्त परिचर्या-अध्यापिकेने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



दरवर्षी १२ मे उजाडला की आपल्या व्यवसायावर स्तुतिसुमनांचा वर्षाव होतो. परिचारिका म्हणजे त्यागमूर्ती, परिचारिका म्हणजे वात्सल्याचा झरा, असे शब्द आज गावोगावच्या व्यासपीठांवरून उच्चारले जात असतील. त्या शब्दांमागील कृतज्ञता खरी आहे आणि तिचा मी आदरच करते. परंतु पस्तीस वर्षे या क्षेत्रात काढल्यावर एक गोष्ट माझ्या मनाला सतत बोचत राहिली आहे. आपला समाज परिचारिकेच्या हृदयाविषयी पुष्कळ बोलतो. तिच्या बुद्धीविषयी, तिने संपादन केलेल्या विद्येविषयी मात्र तो जवळपास मौन पाळतो. आजचे माझे चिंतन या मौनाविषयी आहे.

चरकाचार्यांनी सांगितलेला क्रम

आपल्या परंपरेने या विषयाचा विचार फार पूर्वी केला आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रुग्ण. या चौघांचे प्रत्येकी चार गुण मिळून सोळा गुण होतात आणि ते एकत्र आले म्हणजे चिकित्सा यशस्वी होते, अशी ती मांडणी आहे. परिचारकाला तेथे वैद्याच्या हाताखालचा गडी मानलेले नाही. चिकित्सेच्या इमारतीचा एक स्वतंत्र खांब मानले आहे.

परिचारकाचे चार गुण कोणते? उपचारांचे ज्ञान, कार्यातील दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. या क्रमाकडे माझ्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. आपण ज्या गुणाचे आज भाषणांतून गुणगान करतो, तो अनुराग तेथे तिसऱ्या क्रमांकावर आहे. पहिले स्थान ज्ञानाला दिले आहे आणि दुसरे दक्षतेला. अनुरागाचे महत्त्व त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. मात्र ज्ञानावाचून केलेली सेवा रुग्णाला अपायही करू शकते, हे त्या मांडणीत गृहीत धरले आहे.

आधुनिक परिचर्येच्या प्रवर्तक म्हणून आपण ज्यांचे स्मरण करतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवनही हेच सांगते. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात ३८ स्त्रियांसह त्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या. रात्री दिवा घेऊन फिरणारी स्त्री एवढेच त्यांचे चित्र आपल्या पाठ्यपुस्तकांनी जपले. पण त्याच नाइटिंगेल मायदेशी परतल्यावर आकडेवारीचे ढीग घेऊन बसल्या आणि सैनिक शत्रूच्या गोळीपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मरत होते, हे त्यांनी आलेखांच्या साहाय्याने राज्यकर्त्यांना पटवून दिले. १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेने त्यांना सदस्यत्व दिले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १८६० मध्ये त्यांनी सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय उघडले. करुणेला शिक्षणाची शिस्त लावणे, हे त्यांचे खरे कार्य.

आपल्या भूमीतील वाटचाल

महाराष्ट्रात ही वाट सोपी नव्हती. परक्या माणसाच्या मलमूत्राला, रक्ताला स्पर्श करणे हे हलके काम, अशी समजूत घट्ट रुजलेली होती आणि घरंदाज कुटुंबातील स्त्रीने ते करावे, ही कल्पनाही असह्य वाटत असे. अशा काळात, १९०९ मध्ये, पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदनाचे कार्य उभे केले. ससून रुग्णालयात परिचारिकेचे व सुईणीचे शिक्षण घेण्यासाठी सेवासदनाने स्त्रियांना उद्युक्त केले, त्यांना आधार दिला. ज्यांच्या वाट्याला समाजाने केवळ माजघराचा अंधार ठेवला होता, अशा विधवा स्त्रियांना या शिक्षणाने स्वतःच्या पायांवर उभे केले. समाजसुधारणेच्या इतिहासात आपण या प्रकरणाला पुरेसा न्याय दिलेला नाही, असे मला वाटते.

देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर असताना, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्या वेळी देशात सुमारे ७ हजार परिचारिका होत्या; म्हणजे साधारण ४३ हजार लोकसंख्येमागे एक. त्याच १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. १९५९ मध्ये दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षणाचा आरंभ झाला. महाराष्ट्रात १९९८ पासून नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामुळे पदवी व पदव्युत्तर परिचर्या शिक्षण एका छत्राखाली आले. आज देशात नोंदणीकृत परिचारिका व आरोग्यसेविका यांची संख्या तीस लाखांहून अधिक आहे. सात हजारांपासून तीस लाखांपर्यंतचा हा प्रवास अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. पण संख्या वाढली म्हणजे प्रश्न सुटला, असे समजणे घाईचे होईल. कारण मधल्या काळात रुग्णालय बदलले, रोग बदलले आणि परिचारिकेकडून असलेली अपेक्षाही आमूलाग्र बदलली.

शिक्षणाच्या पायऱ्या

येथे अनेक पालक उपस्थित आहेत, म्हणून या शिक्षणाची रचना थोडक्यात सांगते. पहिली पायरी एएनएमची, दोन वर्षांची. उपकेंद्रात लसीकरण करणारी, गरोदर मातांची नोंद ठेवणारी आपली आरोग्यसेविका या वाटेने येते. दुसरी जीएनएमची, तीन वर्षांची पदविका. तिसरी चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग ही पदवी. पदविका घेतलेल्यांना दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक अभ्यासक्रमाने पदवी घेता येते.

येथपर्यंतचे शिक्षण सर्वसाधारण परिचारिका घडवते. त्यापुढे विशेष परिचर्येची वाट फुटते आणि बहुतेक पालकांना, किंबहुना पुष्कळ विद्यार्थ्यांनाही, ती ठाऊक नसते. दोन वर्षांच्या एम.एस्सी. नर्सिंगमध्ये पाच मुख्य शाखा आहेत. वैद्यकीय-शल्य परिचर्या, प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या, बालआरोग्य परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या आणि सामाजिक आरोग्य परिचर्या. ज्यांना अध्यापनापेक्षा रुग्णशय्येजवळच राहायचे आहे, त्यांच्यासाठी एक वर्षाचे पोस्ट बेसिक डिप्लोमा आहेत. अतिदक्षता, आपत्कालीन व आपत्ती, नवजात शिशू, कर्करोग, हृदय व वक्ष, मज्जासंस्था, मूत्रपिंड, शस्त्रक्रियागृह, मनोरुग्ण, अस्थिरोग व पुनर्वसन, जळित, वार्धक्य अशा शाखांत हे शिक्षण मिळते. नोंदणी झालेल्या व वर्षभराचा अनुभव असलेल्या परिचारिकेला तेथे प्रवेश घेता येतो.

२०१६-१७ च्या सुमारास आणखी एक महत्त्वाचे पाऊल पडले. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला गेला. त्यात वर्गातील शिक्षणाला अवघे वीस टक्के स्थान आहे; उरलेले ऐंशी टक्के शिक्षण प्रत्यक्ष रुग्णसेवेतून होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने सूतिकासेवेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि पात्र परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे नैसर्गिक प्रसूतीची स्वतंत्र जबाबदारी सोपवण्याचे धोरण आखले.

एकच गणवेश, निरनिराळ्या विद्या

कोणी विचारेल, इतक्या शाखा हव्यात कशाला? सलाईन लावणे, इंजेक्शन देणे, ताप पाहणे हे सर्वत्र सारखेच नाही काय? या प्रश्नाचे उत्तर रुग्णशय्येजवळच मिळते.

सव्वा किलो वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत ठेवले आहे. त्याला प्राणवायू कमी पडला तर ते दगावेल. परंतु तोच प्राणवायू प्रमाणाबाहेर मिळत राहिला, तर त्याच्या डोळ्यांच्या पडद्यावरील कोवळ्या रक्तवाहिन्यांना इजा होऊन ते जन्मभरासाठी आंधळे होऊ शकते. त्याच्या औषधाची मात्रा मिलिलिटरच्या दशांशात मोजायची असते. दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दसपट होते. त्या बाळाला जपण्यासाठी मायेची आवश्यकता आहेच, पण कोणत्या आकड्याला यंत्राची कळ फिरवायची, हे माया सांगू शकत नाही. ते शिक्षण सांगते.

कर्करोगाच्या विभागात चला. तेथील काही औषधे अशी असतात, की शिरेतून किंचित बाहेर झिरपली तरी आजूबाजूचे मांस जाळतात. रुग्ण 'थोडं चुरचुरतंय' एवढेच म्हणतो. ती चुरचुर ऐकताच औषध तत्काळ थांबवायचे, सुई मात्र लगेच काढायची नाही, हे जिला ठाऊक आहे तीच त्या रुग्णाचा हात वाचवते. हीच औषधे हाताळणाऱ्या परिचारिकेलाही अपाय करू शकतात, म्हणून स्वतःला कसे जपायचे हेही शिकावे लागते.

डायलिसिसच्या खोलीत चार-चार तास रक्त शरीराबाहेर फिरत असते. रुग्णाचे आधीचे व नंतरचे वजन, मध्येच अचानक घसरणारा रक्तदाब, ज्या हातावर फिश्चुला केला आहे त्या हाताची जपणूक, हे सर्व परिचारिकेच्या दृष्टीखाली असते. मेंदूला मार लागलेल्या रुग्णाची शुद्ध तीन ते पंधरा या गुणांच्या मोजपट्टीवर दर थोड्या वेळाने मोजली जाते. दोन गुणांची घसरण रात्री दोन वाजता जिच्या लक्षात येते, ती शल्यविशारदाला वेळेवर उठवते. शस्त्रक्रियागृहात पोट शिवण्यापूर्वी कापसाचा नि गॉजचा तुकडान् तुकडा मोजून 'हिशेब पूर्ण आहे' असे सांगणारी परिचारिका असते आणि तो हिशेब जुळला नाही तर कितीही मोठ्या शल्यविशारदाला थांबवण्याचे धैर्य तिच्यापाशी असावे लागते.

मनोरुग्णांची परिचर्या तर सर्वांत उपेक्षित. गोळी गिळल्याचे भासवून ती गालात धरून ठेवणारा रुग्ण ओळखणे, चिडलेल्या रुग्णाला बळाचा वापर न करता शांत करणे, या गोष्टी आपोआप येत नाहीत. खोल नैराश्यातून रुग्ण थोडा सावरू लागला की घरचे निश्चिंत होतात. प्रशिक्षित परिचारिका मात्र त्याच वेळी अधिक सावध होते, कारण अंगात बळ परत येऊ लागते तेव्हा आत्मघाताचा धोकाही वाढू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने 'मानसिक आरोग्य परिचारिका' ही संज्ञा स्वतंत्रपणे नमूद केली, हे योग्यच झाले.

वार्धक्याचे काय? २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती सुमारे १० कोटी ४० लाख होत्या. त्यानंतर ही संख्या वाढतच गेली आहे. एकत्र कुटुंबे विरत चालली, मुले परगावी, परदेशी गेली. वृद्धाचे पडणे, अचानक भ्रमिष्टासारखे बोलणे, दहा डॉक्टरांनी दिलेल्या दहा औषधांचा परस्परविरोध, अंथरुणाला खिळलेल्या देहाची निगा, यांसाठी शिकलेली परिचारिका ही पुढील काळातील घराघराची गरज ठरणार आहे.

प्रमाण काय?

शिक्षणाने खरोखरच जीव वाचतात काय, याचे मोजमाप झालेले आहे. २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल, तर रुग्ण तीस दिवसांत दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी आढळली. आणि परिचारिकेवर एक रुग्ण अधिक लादला, तर ती शक्यता सात टक्क्यांनी वाढलेली दिसली. हा संबंध आकडेवारीचा आहे, हे मान्य. तथापि इतक्या मोठ्या प्रमाणावर तो आढळावा, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. गडचिरोलीच्या दुर्गम भागात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. नवजात बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, त्याला ऊब देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविक देणे, असे नेमके शिक्षण त्यांना दिले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने या गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला. त्या स्त्रिया पदवीधर नव्हत्या. पण त्यांना जे शिकवले ते एका विशिष्ट कामासाठी, काटेकोर आणि सततच्या देखरेखीखाली शिकवले होते. विशेष शिक्षणाचे सार याहून वेगळे काय असते?

दोन उदाहरणे

मुंबईच्या दोन घटना मी आपल्यासमोर ठेवते.

नोव्हेंबर १९७३ मध्ये केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अमानुष अत्याचार झाला आणि त्या जाणिवेच्या पलीकडे गेल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली जवळपास ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. व्रत खंडित झाले नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेचा गौरव केला. या कहाणीतील करुणेने आपले डोळे पाणावतात. पण परिचर्येच्या विद्यार्थ्याने एका वेगळ्या गोष्टीपुढे नतमस्तक व्हावे. दशकानुदशके अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला शय्याव्रण होऊ दिले गेले नाही. ज्याने शय्याव्रण पाहिले आहे, त्यालाच या वाक्याचे वजन कळेल. ठरावीक अंतराने कूस बदलणे, हाडांच्या उंचवट्यांवरील कातडी रोज न्याहाळणे, ओल राहू न देणे, अन्नातील प्रथिनांचा हिशेब ठेवणे, आणि हे सारे दिवसाच्या तिन्ही पाळ्यांत, सणावारी, पावसाळी रात्री, हजारो दिवस. प्रेम तर होतेच. त्या प्रेमाला शास्त्राची शिस्त होती.

दुसरी घटना २६ नोव्हेंबर २००८ ची. कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी प्रसूतिकक्षातील सुमारे वीस गर्भवतींना एका सुरक्षित लहानशा खोलीत हलवले. गोळीबार चालू असताना त्यांतील एकीला कळा सुरू झाल्या. तिला जिना चढवून प्रसूतिगृहापर्यंत पोहोचवले. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव मांडला. त्यांच्या धैर्याला तोड नाही. मात्र आपत्तीत काय करावे, हे प्रत्येक परिचारिकेला केवळ उपजत धैर्यावर सोडून देणे योग्य नव्हे. आपत्कालीन व आपत्ती परिचर्या ही शिकण्याची आणि वारंवार सराव करण्याची विद्या आहे, आणि प्रत्येक रुग्णालयात ती शिकलेली माणसे असली पाहिजेत.

घोडे अडते कोठे?

शिक्षणाची सोय आहे, प्रमाण आहे, आदर्श आहेत. मग अडते कोठे?

पहिली अडचण, शिक्षण आणि पद यांची फारकत. वर्षभर घर सोडून, पदरमोड करून परिचारिका विशेष शिक्षण घेऊन येते आणि परतल्यावर अधिपरिचारिका म्हणून पूर्वीच्याच यादीत तिचे नाव लागते. माझ्या एका विद्यार्थिनीने नवजात शिशू परिचर्येचे शिक्षण उत्तम रीतीने पूर्ण केले. वर्ष उलटायच्या आत तिच्या रुग्णालयाने नेहमीच्या पाळीपाळीच्या बदल्यांनुसार तिला नेत्रविभागात पाठवले आणि ज्या खोलीत तिची गरज होती, तेथे नवखी परिचारिका आली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. सर्व परिचारिका सारख्याच, कोणालाही कोठेही नेमावे, ही प्रशासनाची जुनी सवय तेवढी होती. हृदयशल्यविशारदाला त्वचारोग विभागात बसवण्याची कल्पना आपण हसण्यावारी नेऊ. परिचारिकेच्या बाबतीत मात्र ती गोष्ट नित्याची आहे.

दुसरी अडचण, नावापुरत्या शिक्षणाची. इमारत आहे, फलक आहे, पण शिकायला पुरेसे रुग्ण असलेले रुग्णालय जोडलेले नाही, अशा संस्थांतून प्रमाणपत्र मिळते, हात तयार होत नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र शासनाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या परिसरातच १५७ नवी परिचर्या महाविद्यालये स्थापण्यास मंजुरी दिली. रुग्णालयाच्या सान्निध्यात शिक्षण, हे त्यातील सूत्र योग्य आहे. मात्र तेथे शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिका स्वतः रुग्णशय्येजवळ उभ्या राहणाऱ्या असतील, तरच ते फळास येईल.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात एकीच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सूतिका वर्ष म्हणून घोषित केले होते आणि त्याच वर्षी कोरोनाची महासाथ आली. घाईघाईने खाटा वाढवल्या, श्वसनयंत्रे आणली. तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले, की यंत्र आठ दिवसांत येऊ शकते, ते चालवणारी अतिदक्षता परिचारिका घडायला वर्षे लागतात. आपण टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. तो कृतज्ञतेचा उद्गार मनापासूनचा होता. पण त्या अनुभवातून घ्यायचा धडा अजून पुरता अंगी बाणलेला नाही.

आणि म्हणूनच आपल्या मुली परदेशी जातात. त्यांच्यावर देश सोडल्याचा ठपका ठेवणे सोपे आहे. जेथे विशेष शिक्षणाला विशेष पद, विशेष वेतन आणि निर्णयात आवाज मिळतो, तेथे माणूस जाणारच. त्यांना येथे थांबवायचे असेल तर उपदेशाने ते होणार नाही, सन्मानाने होईल.

कर्तव्याची वाटणी

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा संमत केला. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारी ही व्यवस्था शिक्षणाचा दर्जा, संस्थांची तपासणी आणि परिचारिकांची नोंदणी यांसाठी आहे. कायदा चौकट देतो. तिच्यात प्राण भरण्याचे काम समाजाचे असते.

शासनाला आणि रुग्णालयांच्या चालकांना माझी प्रार्थना अशी, की विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिकेची नेमणूक तिच्या विषयाच्या विभागातच करावी आणि किमान काही वर्षे तिला तेथून हलवू नये. यासाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. बदलीच्या यादीत शिक्षणाचा एक रकाना वाढवावा लागतो. तिच्यासाठी स्वतंत्र पद आणि वेतन, ही पुढची पायरी.

सेवाभावी संस्थांनी आरोग्य शिबिरे भरवावीत, रुग्णवाहिका द्याव्यात, हे चांगलेच. त्याबरोबर आपल्या तालुक्यातील एका परिचारिकेच्या वर्षभराच्या विशेष शिक्षणाचा भार उचलावा. रुग्णवाहिका पाच-दहा वर्षांत जुनी होते. ती परिचारिका तीस वर्षे आपल्या माणसांच्या उपयोगी पडते आणि तिच्या हाताखाली आणखी दहा जणी तयार होतात.

पालकांना मी सांगेन, की मुलीला 'नर्सिंगला टाकले' असे पुन्हा म्हणू नका. मुलगा या शाखेत आला तर चारचौघांत संकोचू नका. सून परिचारिका आहे, तिला रात्रपाळी असते, म्हणून नाके मुरडणाऱ्या घरांना हेही विचारा, की तुमच्या आजारपणात रात्री दोन वाजता तुमच्या उशाशी कोण उभे असते?

आणि माझ्या विद्यार्थिनींनो, विद्यार्थ्यांनो, सर्वांत मोठे दायित्व तुमचे आहे. पदवी मिळाली की शिक्षण संपले, असे मानू नका. पहिली एक-दोन वर्षे सर्व विभागांत मनापासून काम करा. मग आपल्या मनाचा कल ओळखा. एखादीचे मन लहान बाळांत रमेल, एखादीला शस्त्रक्रियागृहाची शिस्त आवडेल, एखाद्याला मनोरुग्णाशी तासन् तास बोलण्याचा धीर असेल, कोणी खेड्यापाड्यांत क्षयरोग्याच्या घरी पायी जाईल. जो विषय घ्याल तो मुळापासून शिका. डॉक्टरांना 'का?' असे विनयाने विचारण्याची सवय लावा, आणि रुग्णाला धोका दिसेल तेव्हा 'थांबा' असे निर्भयपणे म्हणण्याचीही. विनय आणि निर्भयता एकत्र नांदू शकतात. त्यासाठी विषय पक्का ठाऊक असावा लागतो.

आज तुम्ही जी शपथ घेतली, तिच्यात सेवेचा उच्चार आहे. सेवा हा आपल्या संस्कृतीने फार वरच्या स्थानी ठेवलेला शब्द आहे. देवाची सेवा करणाराही आधी मंत्र शिकतो, विधी शिकतो, आचार शिकतो. मन भक्तीने भरले आहे म्हणून त्याला शिकण्यापासून सूट मिळत नाही. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाची सेवा करणाऱ्याला ती सूट कशी मिळावी? अनुराग तुमच्यापाशी आहे, म्हणूनच तुम्ही येथे आलात. चरकाचार्यांनी त्याच्या आधी सांगितलेले जे दोन गुण, ज्ञान आणि दक्षता, ते संपादन करण्यात उरलेले आयुष्य घालवा. तुमच्या हाती येणारा प्रत्येक रुग्ण त्याचा अधिकारी आहे.